भाड्याचं आभाळ

पहिल्या तासाला मी वर्गात विजेच्या तारेचे तुकडे घेऊन जाणार आहे. प्रत्येकाच्या हातात एक, बरोबर ३० सेंटिमीटरचा. अमेरिकी नौदलातल्या संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर आपल्या व्याख्यानांत असेच तुकडे वाटायच्या. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात, जेमतेम एवढंच अंतर कापतो. उपग्रहामार्फत निरोप जायला इतका वेळ का लागतो, असं एखाद्या ॲडमिरलनं विचारलं की हॉपरबाई त्याला तार दाखवायच्या आणि इथून उपग्रहापर्यंत असे किती तुकडे लागतील याचा अंदाज करायला लावायच्या.

मुंबईपासून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत, जिथे जगातली डेटा सेंटरची सर्वांत मोठी वस्ती आहे, हे तुकडे जोडत गेलो तर सव्वाचार कोटींहून जास्त लागतील. काचेच्या तंतूत प्रकाश आणखी मंदावतो, सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटरवर येतो. अंतर १३ हजार किलोमीटर धरलं तर जायला ६५ मिलिसेकंद आणि यायला ६५. केबल काही सरळ रेषेत जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात याहून जास्तच. तुमचा प्रोसेसर कितीही तगडा असो, कंपनी कितीही श्रीमंत असो, या आकड्याखाली कुणालाच जाता येत नाही. म्हणून तर कंपन्यांना गिऱ्हाइकाच्या जवळ यावं लागलं. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये पुण्यात बस्तान मांडलं, ॲमेझॉननं २०१६ मध्ये मुंबईत. ठाणे-बेलापूर रस्त्यानं ऐरोली, रबाळे, महापे करत गेलात तर डेटा सेंटरच्या इमारती बाहेरून दिसतात, आणि समुद्राखालून आलेल्या केबल वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. ज्याला आपण क्लाऊड म्हणतो ते रबाळ्याला आहे, असं सांगितलं की मुलं हसतात. हसू द्यावं. त्यांच्या डोक्यातलं आभाळ खाली उतरायला तेवढं हसू पुरतं.

इंजिनिअरिंगच्या चौथ्या वर्षाला क्लाऊड कॉम्प्युटिंग शिकवायचा आराखडा यंदा माझ्या टेबलावर आहे. आठवड्याला ३ तास, १४ आठवडे, कागदावर ४२ तास. त्यातून गणपती, इनसेम परीक्षा आणि गॅदरिंग वजा केलं की पस्तीस हाती लागले तर नशीब. हा विषय बहुतेक ठिकाणी व्याख्येपासून सुरू होतो. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनं सप्टेंबर २०११ मध्ये दोन पानांत मावणारी एक व्याख्या दिली: पाच वैशिष्ट्यं, तीन प्रकारच्या सेवा, चार प्रकारच्या मांडण्या. मुलं पाच-तीन-चार पाढ्यासारखं पाठ करतात आणि पेपर संपला की विसरतात. व्याख्या उत्तम आहे, माझी तक्रार क्रमाबद्दल आहे. जादूगारानं आधी युक्ती समजावून मग प्रयोग दाखवला, तर टाळी कोण वाजवेल?

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. एका वर्षी मी पूर्ण सत्र एकाच कंपनीच्या वेबपानावरची बटणं शिकवण्यात घालवलं. इथे दाबा, मग इथे, मग हिरवी खूण येईल. पुढच्या वर्षापर्यंत त्या पानाची मांडणी बदलली, आणि माझ्या नोट्समधली सगळी चित्रं रद्दीत गेली. बटणांखालच्या युक्त्या मात्र चाळीस-साठ वर्षं जुन्या आहेत आणि अजून टिकून आहेत. आराखडा त्यांच्याभोवती बांधायचा असं यावेळी ठरवलंय.

सेवांचे ते तीन प्रकार समजावायला मला मंगल कार्यालयाएवढं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. नुसता हॉल घेतला. आचारी, भांडी, किराणा तुमचा. हॉलबरोबर भांडी आणि आचारी मिळाले, तुम्ही फक्त मेनू ठरवला. किंवा सगळंच पॅकेज, आपण पाहुण्यांना घेऊन हजर व्हायचं. पण या उदाहरणातली खरी गंमत दारावरच्या पाटीत आहे. सकाळी एका घराण्याची नावं, संध्याकाळी दुसऱ्या. आत आलेल्या प्रत्येक वऱ्हाडाला वाटतं की कार्यालय आपलंच आहे. लग्नासाठी स्वतःचा हॉल बांधणारा माणूस वर्षातले किती दिवस तो वापरेल? बर्कलीच्या संशोधकांनी २००९ मध्ये क्लाऊडवर एक गाजलेला अहवाल लिहिला. त्यात त्यांनी डेटा सेंटरमधल्या सर्व्हरच्या वापराचे अंदाज दिले आहेत: ५ ते २० टक्के. उरलेला वेळ ही यंत्रं वीज खात नुसती उभी.

त्याच अहवालातल्या एका मुद्द्यानं मला पहिल्यांदा या विषयाचं वेड लागलं. एक यंत्र १००० तास भाड्यानं घ्या किंवा १००० यंत्रं एक तास घ्या, पैसे तेवढेच. वाचायला साधं आहे, पण याआधी कुठल्या धंद्यात असं होतं? शंभर दिवसांचं बांधकाम एका दिवसात करून द्या म्हटलं तर कंत्राटदार त्याच भावात करेल का? २००७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या एका प्रोग्रॅमरला १८५१ पासूनच्या जुन्या अंकांतल्या १ कोटी १० लाख लेखांच्या पीडीएफ बनवायच्या होत्या. कच्चा माल ४ टेराबाइट. चार यंत्रांवर हे काम रेंगाळेल हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं ॲमेझॉनकडून १०० यंत्रं घेतली आणि २४ तास पूर्ण व्हायच्या आत काम उरकलं. एका यंत्राचा तेव्हाचा दर तासाला १० सेंट. गुणाकार करा: यंत्रांचं भाडं २४० डॉलर. मग पीडीएफमध्ये एक चूक सापडली, तेव्हा त्यानं सगळं काम पहिल्यापासून पुन्हा चालवलं. मला या गोष्टीत हे दुसऱ्यांदा चालवणंच जास्त आवडतं. शंभर यंत्रं विकत घेतलेल्या माणसानं चूक लपवायचा विचार आधी केला असता.

आता यातली युक्ती. संगणक पाण्यासारखा किंवा टेलिफोनसारखा मीटरवर मिळावा ही कल्पना जॉन मॅकार्थी यांनी १९६१ मध्ये एमआयटीच्या शताब्दी समारंभात मांडली. त्याच वर्षी, त्याच संस्थेत फर्नांडो कोरबाटो यांनी एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरू देणारी प्रणाली चालवून दाखवली. माणूस विचार करतो, टाइप करतो, चष्मा पुसतो. यंत्राच्या हिशेबानं हा युगांचा रिकामा वेळ. त्या फटींत दुसऱ्याचं काम उरकायचं, मग तिसऱ्याचं. प्रत्येकाला वाटतं यंत्र आपल्याचसाठी थांबलंय.

पुढची पायरी याहून धीट होती. आयबीएमनं साठच्या दशकात करून पाहिलं आणि १९७२ मध्ये बाजारात आणलं, ते म्हणजे वापरणाऱ्याला यंत्राचा नुसता वाटा देण्याऐवजी अख्खं खोटं यंत्र द्यायचं. त्यावर तो स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम चढवेल. ही सिस्टीम म्हणजे घरातली कर्ती बाई: मेमरी, डिस्क, घड्याळ सगळं आपल्या हुकमात आहे असं धरून चालणारी. तिच्या खाली हायपरवायझर नावाचा एक थर बसवतात आणि तिचा खास अधिकार गुपचूप काढून घेतात. तिनं मालकी हक्काची एखादी आज्ञा दिली की प्रोसेसर तिला जागच्या जागी रोखतो आणि प्रकरण हायपरवायझरकडे सोपवतो. तो मागच्या मागे खोटी डिस्क, खोटं घड्याळ हलवतो आणि ‘झालं हं’ म्हणून तिला परत पाठवतो. तिला पत्ताही लागत नाही.

हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे: मर्यादा ओलांडली की प्रोसेसरनं पकडलंच पाहिजे. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी ही अट गणिती काटेकोरपणे लिहून ठेवली. आणि आपल्या सगळ्यांच्या टेबलावर आलेला इंटेलचा प्रोसेसर नेमका या परीक्षेत नापास होता. पेंटियममध्ये अशा १७ आज्ञा निघाल्या की ज्या चुकीच्या जागी दिल्या तरी कुणी पकडत नाही. ‘पॉपएफ’ नावाची आज्ञा घ्या. अधिकार नसताना तिनं इंटरप्ट बंद करायला सांगितलं तर प्रोसेसर रोखतही नाही आणि ऐकतही नाही. काही झालंच नाही असं दाखवून पुढे जातो. आता सोंग उघडं पडणार! १९९८ मध्ये सुरू झालेल्या व्हीएमवेअरनं यावर काढलेला तोडगा आजही मला थक्क करतो. पाहुण्या सिस्टीमचा कोड चालवायच्या आधी, चालता चालताच, वाचत जायचा आणि धोक्याच्या आज्ञा दिसल्या की तिथल्या तिथे बदलून पुढे सोडायच्या. चालू कीर्तनात बुवांच्या तोंडून शब्द निघण्याआधी कुणी तो बदलावा आणि श्रोत्यांना ताल चुकल्याचं कळूही नये, तसं. केंब्रिजच्या झेन प्रकल्पानं २००३ मध्ये उलटा, प्रामाणिक मार्ग धरला. पाहुणीला सांगूनच टाकायचं की बाई, तू पाहुणी आहेस, त्या आज्ञा देऊच नकोस. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीनं प्रोसेसरमध्येच दुरुस्ती केली. ऑगस्ट २००६ मध्ये ॲमेझॉननं तासाच्या भाड्यानं यंत्रं द्यायला सुरुवात केली, तीही झेनच्याच पायावर.

या प्रकरणाला मी पाच तास देणार आहे. अभ्यास मंडळातले काही जण म्हणतील, फार झाले. मला कमी वाटतात.

कंटेनरला त्या मानानं दोन तास पुरे. तिथे वेगळी सिस्टीम नसतेच. एकाच लिनक्सच्या पोटात पडदे टांगलेले असतात. प्रॅक्टिकलला डॉकर लगेच हातात द्यायचं नाही. आधी लिनक्सच्या ‘अनशेअर’ या साध्या आज्ञेनं मुलांनीच एक पडदा ओढायचा आणि आत शिरून चालू कामांची यादी मागायची. बाहेर शेकडो कामं चालू असतात, आत दिसतात दोन-तीन, आणि आपला क्रमांक एक! तो एक आकडा पाहिल्यावर मागच्या बाकावरूनही आवाज येतो. १९७९ च्या युनिक्समध्ये या पडद्याचा पहिला धागा आहे. २०१३ मध्ये डॉकरनं या साऱ्याची सुबक पुरचुंडी बांधली आणि जगभर वाटली.

आता बिघाडाकडे येते, कारण या विषयात मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. समजा एक यंत्र सरासरी १००० दिवसांनी, म्हणजे पावणेतीन वर्षांनी, एकदा बंद पडतं. घरच्या संगणकाला हे चांगलंच म्हणायचं. पण तुमच्याकडे १० हजार यंत्रं असली तर रोज दहा बंद पडणार. दिवाळीलाही दहा. आणि तरीही ॲमेझॉन आपल्या एस-थ्री या साठवणुकीबद्दल सांगतं की १ कोटी फाइल ठेवल्यात तर सरासरीनं १० हजार वर्षांत एक हरवेल. रोज मरणाऱ्या यंत्रांवर हे अमरत्व कसं उभं राहतं? प्रती काढून, हे सोपं उत्तर. तीन इमारतींत तीन प्रती. पण मग जागाही तिप्पट लागते. त्यापेक्षा देखणी युक्ती फळ्यावर दोन ओळींत दाखवता येते. मला ७ आणि ५ हे आकडे जपायचे आहेत. तिसऱ्या कागदावर त्यांची बेरीज लिहून ठेवते: १२. आता तिन्हींतला कुठलाही एक कागद उंदरानं खाल्ला तरी उरलेल्या दोनांवरून तो परत मिळतो. दोन-दोन प्रती काढल्या असत्या तर चार कागद लागले असते. इथे तीनांत भागलं. १९६० मध्ये रीड आणि सॉलोमन या दोघांनी हीच कल्पना अशी वाढवली की कितीही तुकडे हरवण्याची आधीच सोय करता यावी. भाजीवालीच्या गाड्यावर पावसानं कोपरा फाटलेला क्यूआर कोड तुमचा फोन तरी वाचतो ना? तेच गणित. वर्गात मी फाटका क्यूआर नेणार आहे, आणि तो आणखी थोडा फाडून पुन्हा वाचून दाखवणार आहे.

नेटफ्लिक्सनं तर बिघाडाची वाट पाहणंच सोडलं. त्यांनी केऑस मंकी नावाचा एक प्रोग्रॅम लिहिला. भर कामाच्या वेळेत आपल्याच चालू यंत्रांपैकी कुठलंही एक बंद पाडायचं एवढंच त्याचं काम. हेतू असा की, अभियंते जागे आणि हजर असतानाच खोट उघडी पडावी. आमच्या प्रयोगशाळेत यासाठी वेगळा प्रोग्रॅम नको. चार जणांच्या गटातला एक जण माकड होईल, बाकीच्यांना न सांगता मजकूर साठवणाऱ्या तीनपैकी एका प्रक्रियेचा गळा दाबेल, आणि साठवलेला मजकूर शाबूत आहे की नाही हे मी पाहीन. यालाच २५ पैकी गुण. माकडाच्या जागेसाठी भांडणं होणार हे आत्ताच दिसतंय.

प्रती आल्या की त्यांच्यातली भांडणंही आली. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधी कधी प्रश्नाच्या आधी उत्तर येऊन पडतं, तशी दूरदूरच्या यंत्रांत रोज गत होते. प्रत्येकाचं घड्याळ किंचित वेगळं. मग आधी काय घडलं, हे कुणाच्या घड्याळानं ठरवायचं? लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये वेळेचा नादच सोडून दिला. प्रत्येक यंत्रानं नुसता एक आकडा बाळगायचा, काही घडलं की तो वाढवायचा, आणि निरोपाबरोबर धाडायचा. निरोप घेणाऱ्यानं आपला आकडा त्याच्याहून मोठा करायचा. एवढ्यानं कारण नेहमी परिणामाच्या आधी राहतं. आणि दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंधच नसेल तर? लॅम्पोर्ट यांचं म्हणणं असं की मग त्यांच्यात आधी कोण आणि नंतर कोण हा प्रश्नच उरत नाही. हे वाक्य फळ्यावर लिहून मी दोन मिनिटं गप्प बसते. त्याला जोडूनच ॲमेझॉनच्या डायनॅमोवरचा २००७ चा शोधनिबंध. त्यांनी ठरवून टाकलं होतं की गिऱ्हाइकानं टोपलीत टाकलेली वस्तू काही झालं तरी हरवू द्यायची नाही. त्याची किंमत ही की काढून टाकलेली वस्तू क्वचित टोपलीत पुन्हा उगवते. दुकानदारानं कुठली चूक पत्करली ते बघा!

हव्या त्या क्षणी हवी तेवढी यंत्रं, हे क्लाऊडचं सर्वांत गाजलेलं वचन. ते किती खरं हे शिकवायला मी क्रिकेट घेणार. १० जुलै २०१९, मँचेस्टर, विश्वचषकाची उपांत्य फेरी. हॉटस्टारवर एकाच वेळी २ कोटी ५३ लाख माणसं. गप्टिलची थेट फेक, धोनी धावबाद. पुढे काय झालं असेल? मुलं म्हणतात, लोक निघून गेले, ताण उतरला. बघणाऱ्यांचा आकडा खरोखर कड्यावरून कोसळावा तसा कोसळला. पण उद्विग्न माणूस ॲप बंद करत नाही, मागे जायचं बटण दाबतो. आणि मागे असतं मुखपृष्ठ: प्रत्येकासाठी वेगळं सजवलेलं, प्रत्येक वेळी नव्यानं मागवावं लागणारं. व्हिडिओवरचा ताण गेला आणि क्षणात तो सगळा मुखपृष्ठामागच्या यंत्रांवर येऊन आदळला. नवं यंत्र उभं राहायला मिनिटं लागतात, यष्ट्या उडायला क्षण. म्हणून तिथले अभियंते लाट आली की यंत्रं वाढवू असं म्हणत नाहीत. आधीच वाढवून ठेवतात, गर्दी ओसरली तरी घाईनं कमी करत नाहीत, आणि अगदीच गळ्याशी आलं तर शिफारशींसारखे सजावटीचे भाग बंद करून सामना तेवढा चालू ठेवतात. पंगतीला माणसं जास्त झाली की कोशिंबीर थांबते, भात थांबत नाही. नोव्हेंबर २०२३ च्या अंतिम सामन्यात हाच आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला.

प्रॅक्टिकलची अडचण मात्र साधी, घरगुती आहे. खरी यंत्रं भाड्यानं घ्यायची तर खातं उघडताना कंपनी कार्ड मागते. माझ्या निम्म्या वर्गाकडे स्वतःचं कार्ड नसतं, आणि वडिलांचं मागायला मीच त्यांना नको म्हणते. त्याला कारण आहे. एका मुलानं दिवाळीच्या सुट्टीला जाताना ग्राफिक्स कार्डवालं यंत्र चालूच ठेवलं. फराळ संपला, मीटर चालू. परत आल्यावर त्यानं घाईघाईनं यंत्र काढून टाकलं, तरी पुढच्या महिन्यात बिल आलंच, कारण डिस्क वेगळी मोजली जाते आणि ती तशीच पडून होती. त्यामुळे बारापैकी नऊ प्रयोग आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकांवर, केव्हीएम या फुकटच्या हायपरवायझरवर. उरलेल्या तीनांसाठी कॉलेजचं एकच खातं, त्यावर खर्चाची मर्यादा, आणि प्रत्येक गटानं प्रयोगाआधी अपेक्षित बिल लिहून द्यायचं. अंदाज आणि बिल यांत जास्त फरक पडला तर ओरलला पहिला प्रश्न त्यावरच.

वर्गात ७२ मुलं. प्रत्येकी ३० सेंटिमीटर, म्हणजे २१.६ मीटर तार. काल इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, “मॅडम, सुटी नाही मिळणार, अख्खं बंडल घ्यावं लागेल. नव्वद मीटर.” मी दर विचारला, मनात भागाकार केला आणि बंडल घेऊन आले. चार वर्षांची सोय झाली, वर थोडी उरेल.